मगदूमांच्या वहीतला शेवटचा रकाना

"मॅडम, मशीन म्हणतंय एकशे सोळा आणि तुमचा कागद म्हणतोय एकशे अठ्ठावीस. आता मी कुणाचं ऐकू तेवढं सांगा."

मगदूम काकांच्या एका हातात छापलेला रिपोर्ट होता. दुसरा हात त्यांनी माझ्यापुढे उघडून धरला. तळहातावर निळ्या बॉलपेननं ११६ लिहिलेलं होतं, घामानं जरा पसरलेलं.

मी सांगलीहून एसटीनं धक्के खात आले होते, जेवण झालेलं नव्हतं, आणि पुरावा म्हणून मला एक तळहात दाखवला जात होता.

"काका, तळहातावर रिपोर्ट देतात का कुणी?" मी म्हणाले. "लिहायचंच असेल तर एखादी वही घ्या."

बाकावरचे दोन पेशंट हसले. काकांनी हात मिटला.

ही गोष्ट दोन हजार आठच्या जानेवारीतली. जयसिंगपूरला सातव्या गल्लीत डॉक्टर नाडगौडांची रक्त तपासायची लॅब होती. डॉक्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की समोरच्याला उभं कापणाऱ्या बाई. बाबगोंडा मगदूम त्यांच्याकडे बावीस वर्षं टेक्निशियन होते. जाड भिंगाचा चष्मा, इस्त्रीचा पांढरा कोट, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं. आणि मी, शर्वरी, सांगलीतल्या सहा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहायचे. सहाजणांत कोड लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

तोऱ्याचं कारण होतं 'सेतू'. लॅबमधली प्रत्येक मशीन आपला आकडा आपल्या पद्धतीनं सांगते. तो आकडा नीट समजून घेऊन रिपोर्टात नेऊन ठेवायचा, एवढ्या कामासाठी मी एक सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिली होती. आमच्या चाळीस लॅब तिच्यावर चालायच्या. सुरुवातीला नवी मशीन आली की मला त्या लायब्ररीचं पोट उघडावं लागायचं. एका मशीनसाठी टाका घातला की दुसरीकडे उसवायचं. शेवटी वैतागून मी लायब्ररी शिवून टाकली आणि तिला एकच दार ठेवलं. प्रत्येक मशीनसाठी वेगळी, लहानशी फाइल लिहायची, प्लग-इन. ती एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची. कॉम्प्युटर चालू झाला की लायब्ररी त्या फोल्डरमध्ये जाणार, तिथं जे असेल ते सगळं उचलणार आणि कामाला लावणार. "फाइल टाका, चालू करा, घरी जा," असं मी फील्डवर फिरणाऱ्या आवटींना सांगायचे. आवटींना ते इतकं आवडलं होतं की ते गिऱ्हाइकांनाही तेच ऐकवायचे.

दुसरा एक नियमही माझाच होता. पूर्वी आवटींनी इस्लामपूरला एक फाइल पुसली आणि ती परत बसवायला मला भर उन्हात तिथं जावं लागलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे काहीही पुसायला बंदी होती. उपाध्येसर, म्हणजे आमचे मालक, यांच्या कॉम्प्युटरवर 'कोटेशन', 'कोटेशन नवे' आणि 'कोटेशन नवे खरे' अशा तीन फाइली शेजारीशेजारी नांदायच्या. काही लागलंच तर असू दे, हे आमचं सगळ्यांचं म्हणणं.

तर डिसेंबरअखेर डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायची मशीन बदलली. मी नवं प्लग-इन लिहिलं, आवटींनी जाऊन बसवलं, आणि तीन आठवड्यांत हा तळहात.

त्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी काकांनी आमच्या ऑफिसला फोन केला तेव्हा आवटींनी ठेवणीतला सल्ला दिला होता, "कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा." त्यांनी केला होता. मी पोचले दुपारी एकला. काकांना शेजारी बसवून एकामागून एक वीस नळ्या लावायला लावल्या. मशीनच्या लहानशा स्क्रीनवर आकडा उमटला की मी मोठ्यानं वाचायचे आणि रिपोर्टाशी ताडून बघायचे. वीसच्या वीस बरोबर.

"बघा," मी म्हणाले.

"आत्ता बरोबर हाय. सकाळी नव्हतं."

"सकाळी काय वेगळं होतं?"

"तेच तर मला कळंना झालंय."

मशीनचीही एक गंमत होती. पुढची नळी लावली की आधीचा आकडा गेला. म्हणजे काकांनी काय वाचलं याला त्यांचा तळहात सोडला तर कुठलाही पुरावा नाही. मी त्यांच्या जाड भिंगांकडे बघितलं. माझ्या काय मनात आलं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसला.

त्यानंतर बारा-तेरा दिवस काकांचे फोन येत राहिले. मध्ये दोन-तीन दिवस शांत, आणि मग मंगळवारी फोन, शुक्रवारी फोन. "मॅडम, आज परत चार चुकले." मी माझ्या लॅपटॉपवर हजार आकडे लायब्ररीतून पाठवून बघितले. हजार बरोबर. मी नव्या प्लग-इनच्या सातशे ओळी ओळीवर बोट ठेवून वाचल्या. एक चूक सापडली, पण ती तारखेच्या छपाईतली होती. मला रात्री स्वप्नात एकशे अठ्ठावीस दिसायला लागलं. आपल्या कामात चूक आहे म्हणावं तर ती दिसत नाही आणि नाही म्हणावं तर फोन थांबत नाही, यासारखा दुसरा वैताग नाही.

"तुम्ही शुक्रवारी सकाळी या की," काका फोनवर म्हणाले.

"शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे लोडशेडिंग असतं ना?"

"असतं. पण नऊला लाइट येती."

"आणि नाही आली तर मी अंधारात कॉम्प्युटरकडे बघत बसू? गुरुवारी येते."

तेव्हा जयसिंगपूरला मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी लाइट जायची. सहाला गेली की नऊला यायची, कधी साडेनऊ. साहजिकच मी ते दोन दिवस टाळून बाकीचे निवडायचे. माझ्या मते हा शहाणपणा होता.

गुरुवारी गेले तेव्हा लॅबमधली हवा बदललेली होती. आत पाऊल टाकल्या टाकल्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर पाच-सहा रिपोर्ट पसरले. प्रत्येकावर छापील आकड्यावर काट मारून वर पेननं दुसरा आकडा लिहिलेला.

"हे मगदूमांचे उद्योग," त्या म्हणाल्या. "माझ्या लॅबच्या छापील रिपोर्टवर खाडाखोड. मी सगळे परत छापून दिले, कॉम्प्युटरनं दिले तसे. त्यातून हा सुकुमार चौगुले. कारखान्यावर ड्रायव्हरची जागा मिळत होती, आमच्या रिपोर्टात साखर एकशे अठ्ठावीस म्हणून अनफिट. त्यानं सांगलीत दुसरीकडे तपासली, तिथं एकशे पंधरा. काल इथं येऊन चारचौघांत तमाशा करून गेला. मला एकच सांगा. पेन खरं की छपाई?"

"छपाई," मी म्हणाले. "मी आणखी एकदा बघते, पण छपाईच."

उपाशीपोटी साखर एकशे सव्वीसच्या वर गेली की डॉक्टर मधुमेह म्हणतात, एवढं त्या कामामुळे मलाही माहीत होतं. पण मी तेव्हा चौगुलेचा विचार करत नव्हते. मी 'सेतू'चा विचार करत होते.

बाहेर काका वाट बघत उभे होते. त्यांनी दोनशे पानी वही माझ्यापुढे धरली, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली.

"तुम्ही म्हणाला होता वही घ्या म्हणून. घेतली. सगळं लिहिलंय ह्यात. रोजचं."

"बरं झालं. ठेवते मी."

"आत्ताच बघितली असती तर..."

"काका, मला आधी तपासू द्या ना नीट."

मी वही बॅगेत टाकली, लॅपटॉप काढला, त्यांच्या मशीनची वायर माझ्या लॅपटॉपला जोडली आणि सकाळभर आकडे घेतले. सगळे बरोबर.

"तुमच्या लॅपटॉपवर बरोबर येतंय ओ," काका शांतपणे म्हणाले. "पण आम्ही रिपोर्ट तुमच्या लॅपटॉपवर देत न्हाई."

मग मी त्यांच्या कॉम्प्युटरवर घेतले. तेही बरोबर. काका खाली वाकून टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघत होते.

"मॅडम, जुन्या मशीनचं काही आत राहिलंय का?"

मला हसूच आलं. "जुनी मशीन भंगारात गेली, काका. आत काय राहणार? तिचं भूत?"

ते हसले नाहीत. "मला त्यातलं कळत न्हाई. पण आमच्यात असं असतं बघा, एखादा आकडा चुकला की..."

"मला माहीत आहे," असं म्हणून मी त्यांना तिथंच तोडलं. काय माहीत होतं कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन थेट उपाध्येसरांना गेला. त्यांना लेखी हवं होतं. चूक सॉफ्टवेअरची असेल तर तसं लिहून द्या, नसेल तर तसं लिहून द्या, म्हणजे मला माझ्या माणसाचं काय करायचं ते ठरवता येईल. सरांनी मला विचारलं, "नक्की ना?"

"सर, हजार आकडे तपासलेत. त्या माणसाला दिसत नाही नीट."

पत्र मीच लिहिलं. 'मशीनकडून आलेला आकडा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बदल न होता रिपोर्टात जातो, हे आम्ही खात्रीपूर्वक नमूद करतो.' खाली माझी सही. गुरुवारी मी ते स्वतः घेऊन गेले, कारण या प्रकरणाचा शेवट मला डोळ्यांनी बघायचा होता.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं, फायलीत लावलं आणि काकांना आत बोलावलं.

"मगदूम, उद्यापासून तुम्ही मशीनवर बसू नका. कलेक्शनला बसा. रक्त काढायचं, नळीवर नाव लावायचं. मशीन मी बघेन."

काकांनी फायलीतल्या पत्राकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"वाचू का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी फाइल त्यांच्याकडे वळवली. ते चष्मा वर सरकवून सावकाश वाचत गेले. 'खात्रीपूर्वक' या शब्दाशी त्यांचं बोट थांबलेलं मला दिसलं.

"बावीस वर्षं झाली, मॅडम," ते डॉक्टरांना म्हणाले. "एक नळी इकडची तिकडं झाली न्हाई माझ्याकडनं."

"म्हणूनच काढून टाकत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या.

मी उठले. मला हायसं वाटत होतं, आणि हायसं वाटतंय याचा रागही येत होता. स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. अंकलीच्या पुलावर उसाचा ट्रॅक्टर मागच्या दोन ट्रॉल्यांसकट अडकलेला, त्यामुळे पुढं सगळं ठप्प. पाण्याची बाटली काढायला बॅगेत हात घातला आणि बाटलीबरोबर वही वर आली. तपकिरी कव्हर. सात दिवस ती माझ्या लॅपटॉपखाली पडून होती आणि मी ती उघडली नव्हती.

वेळ जावा म्हणून उघडली.

काकांचं अक्षर मोत्यासारखं होतं. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, पेशंट, मशीनचा आकडा, रिपोर्टचा आकडा. जिथं दोन्ही आकडे जुळत नव्हते तिथं तांबडी खूण. त्यापुढं नळी कुठल्या कंपनीची, खोलीत गरम होतं की गार, रक्त कुणी काढलं. आणि शेवटी एक रकाना, बिननावाचा. त्यात प्रत्येक ओळीला दोनपैकी एकच गोष्ट लिहिलेली होती. 'आधी म.' किंवा 'आधी कॉ.'

एकूण सतरा तांबड्या खुणा होत्या. सतराच्या सतरा ओळींत शेवटी लिहिलं होतं, 'आधी कॉ.' आणि ज्या दिवशी 'आधी म.' होतं, त्या दिवशी एकही खूण नव्हती. पान उलटलं तरी तेच.

आधी मशीन चालू केली की आधी कॉम्प्युटर.

मी तिथूनच आवटींना फोन लावला.

"आवटी, जयसिंगपूरच्या त्या फोल्डरमध्ये काय काय आहे?"

"आपलं नवं प्लग-इन. आणि जुनं."

"जुनं? तिथंच?"

"तुम्हीच सांगितलं की मॅडम. मी फोन केला होता ना बसवताना, जुनी फाइल काढू का म्हणून. तुम्ही म्हणाला, पुसू नका, नावापुढं 'जुने' लावा आणि तिथंच असू दे, लागेल कधी."

मी म्हणाले होते. मला ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं.

फाइलीचं नाव काय आहे याच्याशी माझ्या लायब्ररीला काही घेणंदेणं नव्हतं. फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं उचलायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. नवं प्लग-इन शिस्तीचं होतं. ते आधी मशीनला विचारायचं, तयार आहेस का? मशीन तापायला वीस मिनिटं घेते. मशीन आधी चालू असेल तर ती हो म्हणायची, नवं प्लग-इन तिचा ताबा घ्यायचं, आणि सगळं सुरळीत. पण लोडशेडिंगच्या सकाळी लाइट आली की पावत्या छापायला आधी कॉम्प्युटर चालू व्हायचा. मशीन अजून थंड. नवं प्लग-इन विचारायचं, उत्तर यायचं नाही, ते बाजूला व्हायचं. मग जुनं पुढं यायचं. त्याला विचारायची सवयच नव्हती, आणि एकदा ताबा घेतला की कॉम्प्युटर परत चालू करेपर्यंत ते सोडायचं नाही. आणि त्या जुन्यात, तीन वर्षांपूर्वी, जुनी मशीन कमी दाखवते म्हणून मी प्रत्येक आकडा दहा टक्के वाढवून ठेवला होता. खुद्द काकांनीच तेव्हा तशी विनंती केली होती. लिहून झाल्यावर मी ते साफ विसरले होते.

एकशे सोळाचे एकशे अठ्ठावीस.

उपाध्येसरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे गाडीत बसून मोठ्यानं बोलू नकोस," ते म्हणाले. "उद्या जाऊन ती फाइल काढायची. अपडेट केलं म्हणायचं. चाळीस लॅब आहेत आपल्या, शर्वरी."

"आणि पत्र?"

"पत्र बरोबरच आहे की. उद्यापासून."

ट्रॅक्टर निघाला. गाडी हलली. मी पुलावर उतरून परत गेले नाही. शुक्रवारी सकाळी मीच जाते, एवढं सरांना सांगितलं. आता इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही. मी माफी मागायला निघाले नव्हते, फाइल पुसायला निघाले होते.

पोचले तेव्हा पावणेदहा वाजले होते. लाइट येऊन अर्धा तास झाला होता. काउंटरवरच्या महानंदाताई कॉम्प्युटरवर पावत्या छापत होत्या. आतल्या खोलीत डॉक्टर मशीनपाशी बसल्या होत्या. काका दाराशी, कलेक्शनच्या टेबलावर. एका म्हाताऱ्या बाईंच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते.

त्यांनी मला बघितलं. नेहमीसारखी मान हलवली.

"वही बघितली का ओ?"

"नाही काका," मी म्हणाले. "वेळच नाही मिळाला."

इतक्या सहज बोलले की मलाच कळलं नाही.

"असू दे," ते म्हणाले. "सवडीनं बघा." आणि त्या बाईंकडे वळले. "मूठ आवळा आजी. दुखायचं न्हाई, मुंगी चावल्यागत वाटंल."

मी महानंदाताईंना उठवून कॉम्प्युटरसमोर बसले. फोल्डर उघडलं. दोन फाइली, एकाखाली एक. दुसरीच्या नावापुढं आवटींनी इमानेइतबारे लिहिलं होतं, 'जुने'. एक बटण दाबायचं, चहा नको म्हणायचं, साडेदहाची गाडी पकडायची. मागून काकांचा आवाज येत होता. सोडा मूठ. कापूस दाबून धरा. नाव सांगा परत एकदा. प्रत्येकाला ते नाव दोनदा विचारत होते, नळी इकडची तिकडे होऊ नये म्हणून. खोटं बोललेली मी आणि सवडीनं बघा म्हणणारे ते. मला स्वतःची किळस आली.

मी उठून आत गेले.

"डॉक्टर, मशीनच्या स्क्रीनवर आकडा काय आहे?"

"का?"

"वाचा ना. मोठ्यानं."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्या सकाळपासून रिपोर्टच बघत होत्या, स्क्रीनकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "एकशे नऊ."

"आता याच नळीचा रिपोर्ट छापा."

कागद बाहेर आला. एकशे वीस.

डॉक्टरांनी परत स्क्रीन वाचला. परत कागद. आज पेन चालवायला मगदूम तिथं नव्हते.

"काकांचे डोळे चांगले आहेत," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

मी सगळं सांगितलं. वही टेबलावर ठेवली आणि शेवटचा रकाना दाखवला. काका दारात येऊन उभे राहिले होते, हातात कापसाचा बोळा तसाच.

"म्हणजे जुनं तिथंच ठेवलं आणि त्याच्याशेजारी नवं घातलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"का?"

"लागेल कधीतरी म्हणून."

त्यांनी वहीची पानं उलटून तांबड्या खुणा बघितल्या. मग विचारलं, "किती पेशंट?"

"या वहीत सतरा," काका दारातून म्हणाले. "ही दिल्यावर मी दुसरी घातली. तिच्यात अकरा. नावं, फोन नंबर, सगळं हाय. तळहाताच्या आधीचं मात्र न्हाई." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

महानंदाताईंनी फोन करायला घेतले. काही लोक चिडले, एक बाई फोनवरच रडल्या, कारण गेले पंधरा दिवस त्या घरी कुणाला न सांगता गोळ्या घेत होत्या. सुकुमार चौगुलेला डॉक्टरांनी स्वतः फोन केला. रिपोर्ट चुकीचा होता, तसं लिहून देते, म्हणाल्या. तो म्हणाला, द्या, पण कारखान्याची जागा सोमवारीच भरली. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला. मला सोडायचं नव्हतं त्यांना.

मग त्या खुर्चीवरून उठल्या. "मगदूम, मशीनवर बसा," एवढंच म्हणाल्या, आणि कलेक्शनच्या टेबलाशी जाऊन त्यांनी स्वतः रबरी पट्टा हातात घेतला. बाहेर सात माणसं रांगेत होती.

"काका, तुम्हाला ते कसं सुचलं?" मी विचारलं. "आधी काय चालू केलं ते लिहायचं?"

"सुचलं न्हाई. आमच्यात आकडा चुकला की त्या दिवशी काय काय वेगळं केलं ते लिहायचं असतं. तेवढंच शिकवलंय आम्हाला." थोडं थांबून म्हणाले, "तेच सांगत होतो त्या दिवशी."

मी त्यांच्यासमोर जुनी फाइल पुसली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की पुसायची का. काका म्हणाले, "व्हय म्हणा."

मग मी तिथंच कोऱ्या कागदावर दुसरं पत्र लिहिलं. 'रिपोर्टातील चूक आमच्या सॉफ्टवेअरमधील असून ती माझ्या हातून झाली आहे. श्री. मगदूम यांनी नोंदवलेले सर्व आकडे बरोबर होते.' उपाध्येसरांना विचारलं नाही. त्याचं पुढं जे व्हायचं ते झालं, मे महिन्यात मी दुसरीकडे नोकरी धरली.

डॉक्टरांनी रांग संपवून पत्र वाचलं, फाइल उघडली आणि ते गुरुवारच्या पत्रावर ठेवून लावायला लागल्या.

"मॅडम," काका म्हणाले, "आणि ते खालचं?"

"असू दे मगदूम. रेकॉर्डला लागेल."

काका माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"तुम्ही सांगा ओ त्यांना. जुनं तिथंच ठेवून वर नवं घातलं की काय होतं ते तासाभरापूर्वी तुम्हीच सांगत होता न्हवं का? उद्या मी इथं नसंन. डॉक्टर नसतील. कुणीतरी ही फाइल उघडंल. कुठलं पत्र आधी हाताला लागंल, सांगा?"

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

मी गुरुवारचं पत्र काढलं आणि फाडलं. 'खात्रीपूर्वक' दोन तुकड्यांत गेलं, मग चार. काकांनी हात पुढं केला, तोच तळहात, आज कोरा. सगळे तुकडे घेऊन त्यांनी ते वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकले. त्यातलं काही कुणी परत बाहेर काढत नाही.

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, मशीन बंद केली, आणि मशीन परत चालू केली. खुर्ची ओढून घड्याळाकडे बघत बसले. महानंदाताई पावत्यांसाठी कॉम्प्युटरकडे वळल्या तेव्हा त्यांनी नुसता हात आडवा केला.

वीस मिनिटं आम्ही चौघं तसेच बसून राहिलो.